दत्तक आणलेल्या भटक्या कुत्र्याला सुरुवातीला एकटे सोडावे का?

गोरखचिंच:
रस्त्यावर वाढलेला मोठा कुत्रा घरी आला की बहुतेक ठिकाणी पहिल्याच संध्याकाळी त्याला ओवाळतात, अंघोळ घालतात, शेजारची मुले फोटोसाठी त्याच्या गळ्यात पडतात, आणि तो पलंगाखाली शिरून बसला की ‘हा काही माणसाळायचा नाही’ असा निकालही देऊन मोकळे होतात. माझे मत असे की जंतांचे औषध, गोचिडांची तपासणी आणि रेबीजची लस यांपलीकडे सुरुवातीचे काही आठवडे त्याच्यावर काहीही लादू नये. एक कोपरा, पाण्याचे भांडे, ठरल्या वेळी जेवण, पाहुणे नकोत. दत्तक देणाऱ्यांमध्ये 3 दिवस, 3 आठवडे, 3 महिने असा ठोकताळा आहे: आधी बावरलेपण जाते, मग घराचा दिनक्रम उमगतो, शेवटी खरा स्वभाव दिसतो. तो काही शास्त्रीय नियम नव्हे, पण आपला उतावळेपणा आवरायला पुरेसा आहे.

जुना डोंबिवलीकर:
सहमत नाही. दोन खोल्यांत पाच माणसे राहत असतील तर हा कोपरा आणायचा कुठून? शिवाय मातीवर लघवी करण्याची सवय असलेला कुत्रा पुष्कळदा फरशीवर करत नाही, तासन्‌तास धरून ठेवतो. त्यामुळे लिफ्ट, वॉचमन आणि स्कूटरी यांच्यामधून त्याला पहिल्या दिवसापासून खाली न्यावेच लागते. नुसत्या एकांताने भीती जात नाही, उलट मुरते. आमच्या कुत्रीला कुकरच्या शिट्टीची धास्ती होती. तिला लांबच्या खोलीत, दार लोटून बसवायचे आणि शिट्टी झाल्याबरोबर उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा, असा क्रम आम्ही ठेवला. हा क्रम उलटा करून चालत नाही. आधी तुकडा आणि मग शिट्टी असे होऊ लागले, तर कुत्रा तुकड्यालाही बिचकू शकतो. हल्ली शिट्टी झाली की ती आपणहून ओट्यापाशी येते.

गोरखचिंच:
एकटे सोडा म्हणजे वाळीत टाका असे मी म्हटलेले नाही. जवळ यायचे की नाही, हे त्याने ठरवावे. झोप आलेली नसताना जांभई देणे, सारखे ओठ चाटणे, तोंड फिरवणे, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणे, ही सगळी ‘पुरे करा’ अशी विनंती असते. ती कोणी ऐकली नाही तर तो गुरगुरतो, आणि त्याबद्दल दटावले तर पुढच्या वेळी न गुरगुरता चावण्याचा धोका राहतो. आपली चिकनची युक्ती मला मान्य आहे, पण तीही त्याने त्या दिवशी खायला तोंड उघडले तरच!

नदीकाठ:
आपण दोघेही असे धरून चालला आहात की त्याला घरात आणणे हेच त्याच्या भल्याचे आहे. पाच-सहा वर्षे एका गल्लीत काढलेल्या, सोबती असलेल्या, निरोगी कुत्र्याला सातव्या मजल्यावर नेण्यात त्याच्यापेक्षा आपलेच समाधान अधिक असते. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही नसबंदी आणि लसीकरणानंतर कुत्र्याला मूळ जागी परत सोडण्याचीच पद्धत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात दत्तक घेण्याची मुभा दिली, परंतु तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकली. तेव्हा ‘महिनाभर ठेवून पाहू’ हा विचारच बाद समजावा.

जुना डोंबिवलीकर:
हे निरोगी, रुळलेल्या कुत्र्याला लागू आहे. गाडीखाली सापडून पाय गमावलेल्याला त्याच गल्लीत परत सोडायचे का? जबाबदारीचे म्हणाल, तर नवा कुत्रा फटाक्याच्या एका आवाजाने पट्ट्यातून मान सोडवून पळतो. म्हणून गळ्यातला पट्टा आणि अंगातला हार्नेस या दोहोंना दोरी लावावी, आणि दाराची बेल वाजली की आधी त्याला आतल्या खोलीत न्यावे.

नदीकाठ:
जायबंदी कुत्र्याबाबत माझा आक्षेप मागे घेतो. मात्र घरातली सगळी माणसे सकाळी कुलूप लावून रात्री परतत असतील, तर कोपरा आणि चिकन दोन्ही असूनही अशा घरात मी मोठा कुत्रा दत्तक देणार नाही.