पॉम आधी एवढासा नव्हताच
कोणीतरी लिहिलंय की पॉमेरेनियन, म्हणजेच पॉम, हा मुळातच मांडीवर बसायला बनवलेला कुत्रा, तर तसं नाहीये. ह्याचे पूर्वज उत्तरेकडच्या थंडीतले स्पिट्झ गटातले (टोकदार कान आणि दाट केसांचे) चांगले दांडगे कुत्रे, बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनिया भागातले, आता तो भाग जर्मनी आणि पोलंडमध्ये वाटला गेलाय. लहान पॉमची क्रेझ आली ती व्हिक्टोरिया राणीमुळे, ती 1888 मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला गेली तिथून मार्को नावाचा छोटा पॉम घेऊन आली आणि मग काय, राणीकडे आहे म्हटल्यावर सगळ्यांनाच लहान हवा! ब्रीडर लोकांनी आकार कमी करत करत आणला, आता जेमतेम दीड ते तीन किलो. 1901 मध्ये राणी वारली तेव्हाही तिचा तुरी नावाचा पॉम पलंगावर होता म्हणे.

स्वभाव मात्र मोठ्या कुत्र्याचाच राहिलाय, बेल वाजली की घर डोक्यावर घेणार. आपल्याकडे पॉम म्हणून जे पांढरे कुत्रे घरोघरी असायचे ते बहुतेक इंडियन स्पिट्झ बरं का, आकाराने मोठे आणि उन्हाला जास्त टिकणारे. खरा पॉम घेणार असाल तर पट्टा गळ्यात नको, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घ्या, श्वासनलिका फार नाजूक असते ह्यांची.