सुंठ केव्हा घ्यावी आणि किती

पाळीत पोट दुखते तेव्हा गवती चहा, आले आणि ओवा यांचा काढा ‘कळा सुरू झाल्या की कपभर प्यावा’ असा एक सल्ला वाचनात आला. आल्याबद्दल मी सहमत आहे, वेळेबद्दल नाही. गर्भाशयाच्या अस्तरातून सुटणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांमुळे आकुंचन वाढून कळा येतात आणि या द्रव्यांचे प्रमाण पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असते. त्यामुळे दुखणे शिगेला पोचल्यावर घेतलेल्या एका कपाकडून उबेपलीकडे फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. सुंठीवर झालेल्या चाचण्यांत साधारणपणे पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रोज ७५० ते २००० मिलिग्रॅम पूड दिली होती, आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या इराणमधील एका चाचणीत ती मेफेनॅमिक आम्ल व आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधांच्या बरोबरीची ठरली.

मात्र ती पूड कॅप्सूलमधून पोटात गेली होती, गाळलेल्या काढ्यातून नव्हे. म्हणून मी सपाट अर्धा चमचा, म्हणजे सुमारे १ ग्रॅम पूड, दिवसभरात विभागून गरम पाण्यातून गुळाच्या खड्याबरोबर घेते आणि गाळणी वापरत नाही. तळाशी बसलेला गाळ ढवळून पिते (घशाला झोंबतो, पण तेच तर हवे आहे). यात चहाची पत्ती घालू नये, निदान जेवणाबरोबर तरी, कारण तिच्यातील टॅनिन अन्नातले लोह नीट शोषले जाऊ देत नाही आणि अंगावरून जास्त जाणाऱ्या बाईला ते परवडणारे नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर सुंठीचे हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.