नावं हवीतच

गावातल्या शहीद स्मारकावर ‘सर्व शहिदांना अभिवादन’ एवढी एक ओळ कोरली की पुरे, एकेक नाव कशाला, हे मत मला अजिबात पटत नाही. इराकमधल्या बसरा स्मारकाचं उदाहरण बघा. पहिल्या महायुद्धात तिथे पडलेल्या भारतीय अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर आली, पण साध्या शिपायांच्या वाट्याला फक्त पलटणीचं नाव आणि मृतांचा आकडा. सगळ्यांना समान मान देऊ म्हणणाऱ्या, ब्रिटिश साम्राज्याच्या मृत सैनिकांच्या समाध्या-स्मारकं सांभाळणाऱ्या युद्धसमाधी आयोगाने हे केलं! असा भेदभाव झाल्याची जाहीर माफी आयोगाने मागितली ती थेट २०२१ मध्ये. तोवर त्या शिपायांची मुलं-नातवंडंही थकून गेली असतील.

याउलट दिल्लीचं राष्ट्रीय समर स्मारक (२०१९). तिथल्या त्याग चक्रात, म्हणजे गोलाकार भिंतींवर, प्रत्येक जवानाची स्वतंत्र ग्रॅनाइट पाटी आहे. घरचं माणूस येतं, नाव शोधतं, त्यावरून हात फिरवतं. आकड्यावरून कोण हात फिरवणार?

गावातल्या स्मारकाला चबुतरा छोटा चालेल, संगमरवर नसला तरी चालेल. यादी मात्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून आणि घरच्यांकडून तपासून घ्या, शुद्धलेखनासकट. आणि क्रम हुद्द्याप्रमाणे नको, हौतात्म्याच्या तारखेप्रमाणे लावा.