डॅन्व्हर्सचं मनोरुग्णालय: सिनेमाने जपलं की बदनाम केलं?

मोडीवाचक:
मॅसॅच्युसेट्समधलं डॅन्व्हर्स स्टेट हॉस्पिटल १८७८ ते १९९२ चाललं. आज लोक ते ओळखतात २००१च्या 'सेशन ९' या भयपटामुळे, कारण चित्रीकरण तिथेच, ओसाड पडलेल्या इमारतीत झालं. मला हा वास्तूवरचा अन्याय वाटतो. ते बांधलं होतं कर्कब्राइड पद्धतीने, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी मनोरुग्णालयांच्या एका ठरावीक आराखड्याने. त्यात मधोमध कार्यालय असतं, दोन्ही बाजूंना वॉर्ड, आणि पुढचा प्रत्येक वॉर्ड आधीच्यापेक्षा मागे सरकवलेला. त्यामुळे वॉर्डच्या टोकालाही खिडकी मिळते, वारा आरपार जातो. सगळी मांडणीच उजेडासाठी! पडद्यावरचा काळोख रुग्णालय बंद पडल्यानंतरचा आहे.

काळा दगड:
मांडणी उत्तम होती, वापर नव्हता. सुमारे ५०० रुग्णांच्या जागेत १९३०च्या दशकाअखेर २०००हून जास्त माणसं कोंबली होती. या पद्धतीत रुंद कॉरिडॉर म्हणजे दिवसा बसायची-फिरायची जागा. तिथेच खाटा लागल्या की वारा अडतो, फिरणं थांबतं आणि मोजक्या परिचारकांना कुणाकडेच धड बघता येत नाही. ही भीती सिनेमाने आणलेली नाही.

उंबरठा:
शिवाय सिनेमाने आतला भाग जतन केला, हे विसरू नका. १९८४ साली ही वास्तू राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत गेली होती. पण त्या नोंदीने खासगी मालकाचे हात बांधले जात नाहीत. २००६मध्ये पाडकाम सुरू झालं, मधल्या भागाची आणि लगतच्या दोन वॉर्डांची दर्शनी भिंत तेवढी राहिली. मागे नवे फ्लॅट. सोललेला रंग, जिने, भुयारी वाटा आता चित्रणातच पाहायच्या.

मोडीवाचक:
जतन केलं ते पडीकपण. आणि रुग्ण? त्यांच्या थडग्यांवर नुसते आकडे होते. जुन्या रुग्णांनीच पुढाकार घेऊन, नोंदी धुंडाळून त्यांची नावं लावली. प्रतिष्ठा परत मिळाली ती या कामाने. वर बॅटमॅनच्या कॉमिक्समधलं अर्कम हे मनोरुग्णालयही डॅन्व्हर्सच्याच नावावर खपवतात.

काळा दगड:
ते तर फारच ओढूनताणून. बॅटमॅनमध्ये अर्कम आलं ऑक्टोबर १९७४च्या अंकात, नाव भयकथालेखक लव्हक्राफ्टच्या काल्पनिक गावाचं. त्या गावाला आधार मुख्यतः मॅसॅच्युसेट्समधल्याच सेलम शहराचा. लव्हक्राफ्टच्या कथांत डॅन्व्हर्सचा उल्लेख येतो तो वेगळा, स्वतःच्याच नावाने.

उंबरठा:
'सेशन ९'ला एका बाबतीत तरी दाद द्या. कथेतली टोळी ॲस्बेस्टॉस काढायला आलेली आहे आणि ठेका मिळावा म्हणून मुकादम आठवड्यात काम उरकायचं कबूल करतो. खरं काम असं: दारं-खिडक्या प्लास्टिकने बंद करायच्या, बारीक गाळणीच्या पंख्याने आतली हवा ओढत राहायची, म्हणजे गळती झाली तरी हवा आत येते, धूळ बाहेर जात नाही. पाइपांवरचं ॲस्बेस्टॉसचं आवरण भिजवून काढायचं, दुहेरी पिशव्यांत भरायचं. घाईत भिजवणं राहिलं की तंतू उडतात आणि फुप्फुसात बसतात. त्या घाईची किंमत सिनेमा नेमकी ओळखतो.

मोडीवाचक:
ठेकेदारीची किंमत ओळखतो, मान्य. पण तिथल्या रुग्णाला मात्र उपचाराच्या जुन्या टेपवरचा भेसूर आवाज करून सोडतो. माझा आक्षेप तिथे आहे.