मुलाचं वजन आणि घरातल्यांचा व्यायाम

शाहूपुरीची आई: मुलगा ९ वर्षांचा, डॉक्टर म्हणाले वजन फार आहे आणि उपचार सगळ्या घराने मिळून घ्यायचा. खाण्याचं कळलं, पण व्यायामाचं काय? ग्राउंडवर पोरं चिडवतात म्हणून तो जातच नाही हो.

गडकरी: ताई, एकट्याला पाठवूच नका, तुम्ही दोघंही निघा. आम्ही रविवारी सगळे अजिंक्यतारा किल्ला चढतो, पोरगी धापा टाकायला लागली की कडेला बसतो, पाणी पितो, परत चालू, मंगळाईच्या देवळापर्यंत. खाली आल्यावर वडापाव बक्षीस म्हणून अजिबात नको, त्यापेक्षा रॅकेट द्या.

फिजिओ_सातारा: डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, पण ती सलगच हवी असं नाही, शाळेत चालत, संध्याकाळी सायकल, दोरीउड्या असं तुकड्यातुकड्यात चालतं. मोबाइल-टीव्ही कमी करा, बाबांचा पण! वजन उतरलं नाही म्हणून सोडू नका, उंची वाढत असताना वजन तेवढंच राहिलं तरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) खाली येतो. गुडघा किंवा मांडी दुखून लंगडायला लागला तर मात्र आधी डॉक्टर.

शाहूपुरीची आई: ह्यांना आत्ताच वाचून दाखवलं, रविवारी निघतो. गडावर कुठून सोपं पडेल?

गडकरी: गाडीरस्त्यानेच या, उन्हाच्या आधी.