ओरखडे पडलेल्या सीडी रिप करताना उरणाऱ्या चुका कितपत मान्य कराव्यात?

प्रश्न – कोथरूडचा श्रोता

नमस्कार. आमच्या घरी हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताच्या सीडींचा बराच मोठा संग्रह आहे. त्यातल्या अनेक सीडी पुण्यातल्या लहान प्रकाशकांनी काढलेल्या असून आता त्या बाजारात मिळत नाहीत. हा सगळा संग्रह फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता साठवणाऱ्या फाइलच्या) स्वरूपात संगणकावर आणण्याचे, म्हणजे रिप करण्याचे, काम मी एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रॅमच्या सिक्युअर मोडमध्ये (प्रत्येक भाग पुन्हा वाचून ताडणाऱ्या पद्धतीने) करत आहे. बहुतेक सीडी विनातक्रार उतरल्या. परंतु माळ्यावर राहिलेल्या काही चकत्यांवर ओरखडे आहेत आणि पावसाळ्यातल्या ओलीचे डागही आहेत. त्यांपैकी एका सीडीवर संपूर्ण विलंबित ख्याल एकाच ट्रॅकमध्ये आहे. त्या ट्रॅकची गुणवत्ता ९९.७ टक्के दाखवली जाते, दोन जागा संशयास्पद म्हणून नोंदवल्या जातात आणि पुन्हा रिप केल्यावर सीआरसी (वाचलेल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) वेगळा येतो. ॲक्युरेटरिपच्या (इतरांनी केलेल्या रिपचे पडताळणी-आकडे साठवणाऱ्या) ऑनलाइन संग्रहात ही सीडी नाही, त्यामुळे ताडून पाहण्याची सोय नाही. अशी प्रत अयशस्वी समजावी का? आणि सीडी पॉलिश करून घेणे योग्य ठरेल का?

उत्तर – सदाशिव पेठ

आधी त्या टक्केवारीबद्दल सांगतो, कारण तिचा अर्थ बहुतेक जण चुकीचा लावतात. ९९.७ टक्के म्हणजे ०.३ टक्के संगीत बिघडले असे नव्हे. किमान जितकी वाचने पुरेशी होती त्याच्या तुलनेत प्रत्यक्षात किती करावी लागली, एवढेच तो आकडा सांगतो. ट्रॅकखाली चूक झाली नसल्याची नोंद असेल, तर कमी टक्केवारीची काळजी करण्याचे कारण नाही. तुमच्या बाबतीत खरी अडचण त्या दोन संशयास्पद जागांची आहे. एखादा भाग पहिल्या दोन वाचनांत जुळला नाही की हा प्रोग्रॅम तो सोळा-सोळा वेळा वाचतो आणि सोळापैकी आठ वाचने सारखी आली तरच तो भाग मान्य करतो. तेवढीही जुळली नाहीत, म्हणून त्या जागांची नोंद झाली.

आता नुकसान किती, ते पाहू. ऑडिओ सीडीवर एका सेकंदाचे ७५ सेक्टर (माहितीचे लहान तुकडे) असतात. संपूर्ण ख्याल एकच ट्रॅक असल्यामुळे त्यातला एक सेक्टर जरी डळमळला तरी सगळ्या ट्रॅकचा सीआरसी बदलतो. सीआरसी जुळला नाही म्हणून चाळीस-पन्नास मिनिटांचे गायन वाया गेले असे मानणे मला मुळीच पटत नाही. लॉगमध्ये (प्रोग्रॅमने तयार केलेल्या नोंदींच्या फाइलमध्ये) दिलेल्या वेळा लिहून घ्या आणि त्या जागा हेडफोन लावून ऐका.

उत्तर – ओलसर माळा

ऐकण्याआधी चकती स्वच्छ करावी, असे माझे मत आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकून मऊ मायक्रोफायबर कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल फिरवून कधीही पुसू नये. माहिती सर्पिल मार्गाने लिहिलेली असते. त्यामुळे त्या मार्गाच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग बराच भाग झाकतो, तर मार्गाला आडवा छेदणारा ओरखडा प्रत्येक फेरीत थोडेसेच झाकतो आणि तेवढे नुकसान सीडीची चूक-दुरुस्तीची यंत्रणा बहुधा भरून काढते. आपल्याकडच्या पावसाळ्यात चकतीवर येणारी बुरशी पुष्कळदा वरवरचीच असते आणि नुसत्या धुण्याने वाचन सुधारते.

त्यानंतर चकती ट्यूबलाइटसमोर धरून पाहावी. प्रकाशाचे ठिपके आरपार दिसले, तर ॲल्युमिनियमचा परावर्तक थर तिथे निघून गेलेला आहे. हा थर छापील बाजूच्या अगदी जवळ, पातळ लाखेखाली असतो. म्हणूनच खालच्या, जवळजवळ १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटवरच्या ओरखड्यापेक्षा वरच्या बाजूचा ओरखडा अधिक घातक ठरतो. पॉलिश फक्त खालच्या बाजूसाठी उपयोगी आहे, आणि तेही शेवटचा उपाय म्हणून. दुर्मीळ सीडीवर आधी ते करू नये, कारण काढलेले प्लॅस्टिक परत येत नाही.

उत्तर – तपकीर गल्लीचा वारकरी

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण सर्वांत परिणामकारक उपाय अजून आलेला नाही. तो म्हणजे दुसऱ्या बनावटीची ड्राइव्ह. एखाद्या ड्राइव्हला जे वाचता येत नाही ते दुसरीला अनेकदा सहज वाचता येते. बुधवार पेठेत जुन्या डीव्हीडी रायटरची चौकशी करून पाहा.

याला आणखी एक कारण आहे. डेटा सीडीवर प्रत्येक सेक्टरच्या २३५२ बाइटांपैकी २०४८ माहितीसाठी वापरून उरलेल्यांत दुरुस्तीची जादा व्यवस्था ठेवलेली असते. ऑडिओ सीडीवर सगळे २३५२ बाइट संगीताचेच असतात. चूक दुरुस्त झाली नाही, तर ड्राइव्ह आजूबाजूच्या नमुन्यांवरून मधला भाग अंदाजाने भरते आणि तसे स्पष्टपणे कळवेलच असे नाही. तीच ड्राइव्ह तोच अंदाज पुन्हा पुन्हा भरू शकते, म्हणून एकाच ड्राइव्हची दोन वाचने जुळणे हा शुद्धतेचा पुरावा नव्हे. ॲक्युरेटरिपमध्ये नसलेल्या सीडीसाठी दोन वेगळ्या ड्राइव्हची वाचने जुळणे हाच मला विश्वासार्ह निकष वाटतो. मात्र दोन्ही ड्राइव्हचे ऑफसेट (वाचन सुरू होण्याच्या जागेत प्रत्येक ड्राइव्हगणिक पडणारा ठरावीक फरक) आधी बरोबर घाला, नाहीतर संगीत तेच असूनही सीआरसी निराळे येतील.

दोन्ही फाइली फूबार२००० या संगीत वाजवण्याच्या प्रोग्रॅममध्ये बिट पातळीवर ताडून पाहता येतात. एकीत बिघडलेला भाग दुसरीत नीट असेल, तर तेवढाच तुकडा जोडता येतो. हे काम ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये केल्यास निर्यात करताना डिदर (आवाजात मिसळली जाणारी अतिसूक्ष्म खरखर) बंद ठेवा, अन्यथा न बिघडलेला भागही बदलू शकतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – कोथरूडचा श्रोता

सर्वांचे मनापासून आभार. धुतल्यानंतर एक जागा पूर्ण सुधारली आणि तिथली नोंद गेली. दुसरी मात्र उसन्या आणलेल्या ड्राइव्हवरही जुळत नाही. ट्यूबलाइटसमोर नेमका एक ठिपका दिसतो. तिथे क्षणभर तानपुऱ्याचा नाद तुटतो. तबल्याच्या जोरकस बोलावर हा दोष आला असता, तर कदाचित लक्षातही आला नसता. तो भाग क्लिक काढून टाकणाऱ्या फिल्टरने भरावा का?

उत्तर – सदाशिव पेठ

भरा, पण वेगळ्या प्रतीत. मूळ फ्लॅक फाइल आहे तशीच ठेवा आणि लॉग तिच्याच फोल्डरमध्ये असू द्या. फिल्टर संपूर्ण ट्रॅकवर मुळीच चालवू नका. तबल्याच्या चाटेवरचा (कडेवरचा) आघात आणि क्लिक यांत त्याला फरक करता येत नाही, आणि साऱ्या ठेक्याची धार बोथट होते. फक्त तुटलेला तेवढाच क्षण निवडून दुरुस्त करा आणि फाइलच्या टिप्पणीत जागा व केलेला बदल लिहून ठेवा. याच सीडीची दुसरी प्रत एखाद्या रसिकाकडे निघाली, तर तेवढा तुकडा तिच्यावरून घेता येईल.