टिप दिली म्हणून गिऱ्हाइकाने माझ्या नंबरवर मेसेज करावेत का?

कोरेगावची

नमस्कार. मी मूळची साताऱ्याकडची. पुण्यात बाणेरजवळच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये स्टुअर्ड आहे, म्हणजे टेबलांवर ऑर्डर घेते आणि वाढते. ब्रेक शिफ्ट असते, म्हणजे दुपारचं जेवण उरकलं की मधे सुट्टी आणि संध्याकाळी सातपासून शटर पडेपर्यंत पुन्हा उभं. काम मला आवडतं. हे आधीच सांगते, कारण असला प्रश्न विचारला की पहिलं उत्तर 'मग सोडून दे ना नोकरी' असं येतं. मला नोकरी सोडायची नाही.

आमच्याकडे एक नेहमीचे गिऱ्हाईक आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, चांगल्या घरचे. रविवारी सहकुटुंब येतात, मधल्या वारी एकटे. खिडकीजवळचं टेबल त्यांच्या आवडीचं आणि ते माझ्या सेक्शनमध्ये येतं. सुरुवातीला काहीच वावगं नव्हतं. नाव विचारलं, गाव विचारलं, सोलकढी छान झाली म्हणून सांगून गेले. मग एक दिवस बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवायला सुट्टे नाहीत म्हणाले आणि टिपसाठी माझा क्यूआर मागितला. आमच्याकडे सगळेच स्टुअर्ड आपापला क्यूआर दाखवतात. कार्डावर दिलेली टिप काउंटरला जाते आणि महिनाअखेरीस वाटली जाते, म्हणून गिऱ्हाइकंही थेट द्यायला बघतात.

त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. 'जेवण उत्तम. तू आज दमलेली दिसत होतीस.' माझ्या यूपीआय आयडीत माझाच मोबाइल नंबर आहे, आणि पैसे पाठवताना बँकेतलं पूर्ण नाव दिसतं. छातीवरच्या बिल्ल्यावर आमचं फक्त पहिलं नाव असतं, पण त्यांना आता आडनावही कळलं होतं. दोन दिवसांत इन्स्टाग्रामवर रिक्वेस्ट आली. मग रोज सकाळी फुलांची चित्रं, मग 'सोमवारी सुट्टी असते ना? कॉफी घेऊ या.' मी एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही.

परवा मेनूकार्ड परत घेताना त्यांनी माझं मनगट धरलं. लगेच म्हणाले, 'अगं, मुलीसारखी आहेस तू.' मी हात सोडवून घेतला आणि ऑर्डर घेतली. जाताना ते काउंटरवर हसत हसत म्हणाले, 'तुमची ही मुलगी मेसेजला उत्तर देत नाही बरं का!' मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाला, 'चांगलं गिऱ्हाईक आहे, जरा गोड बोलून निभावून ने.'

मला गिऱ्हाइकांशी बोलायला आवडतं. एक आजी-आजोबा येतात, संक्रांतीला सगळ्या स्टाफसाठी तिळगूळ आणतात. त्या आजी माझ्या पाठीवरून हात फिरवतात तेव्हा मला काहीच वाटत नाही, उलट बरं वाटतं. म्हणून मला दगडासारखं उभं राहायला शिकायचं नाहीये. पण या माणसाला थांबवायचं कसं? तेही मॅनेजर पाठीशी नसताना? या धंद्यातल्या कुणी सांगितलं तर फार मदत होईल.

---

जुना कॅप्टन

ताई, मी गिरगाव आणि दादरच्या हॉटेलांत पोऱ्या म्हणून लागलो आणि कॅप्टन, म्हणजे वाढणाऱ्यांचा प्रमुख, म्हणून निवृत्त झालो. आता सावंतवाडीला असतो. तुमचं वाचून राग आला, त्या माणसाचा आलाच, पण त्या मॅनेजरचा जास्त आला.

गिऱ्हाईक कसं वागेल हे आपल्या हातात नसतं. टेबल कुणी सांभाळायचं, हे मात्र हॉटेलच्या हातात असतं. माझ्या हाताखाली मुली होत्या तेव्हा नियम असा होता की मुलीने येऊन नुसतं 'ते टेबल बदला' म्हटलं की सेक्शन त्याच मिनिटाला बदलायचा. कारण विचारायचं ते रात्री, रश संपल्यावर, निवांत बसून. भर गर्दीत तिला पुरावे देत बसायला लावायचं नाही. पुढच्या वेळी तो गृहस्थ आला की मी स्वतः पाणी घेऊन जायचो. 'ती आज दिसत नाही?' असं विचारलं, तर 'साहेब, आज आपली सेवा माझ्याकडे' एवढंच सांगायचं. हसून सांगायचं, पण त्यापुढे एक शब्द वाढवायचा नाही. बहुतेकांना तेवढ्याने समजतं. ज्यांना समजत नाही, त्यांच्यापाशी मालकाने जाऊन बसायचं.

एकदा ऑफिसची एक मोठी पार्टी होती. पिऊन झाल्यावर त्यांनी आमच्या एका पोराला, मिसरूड न फुटलेल्या, टेबलाभोवती नाचायला सांगितलं. पाचशेची नोट वर धरून. पोरगं माझ्याकडे बघत होतं. मालक काउंटरवरून उठला, नोट धरणाऱ्याच्या हाताशी बिल ठेवलं आणि म्हणाला, 'आमच्याकडे जेवण मिळतं. हे मिळत नाही.' तीस माणसांचं गिऱ्हाईक गेलं. पण त्या मालकाकडची माणसं वर्षानुवर्षं सोडून गेली नाहीत, आणि हॉटेल चालतं ते टिकणाऱ्या माणसांवरच.

आता तुमच्या हातातलं सांगतो. बिलाचं फोल्डर आणि मेनूकार्ड हातात द्यायचं-घ्यायचं नाही, टेबलाच्या कडेला ठेवायचं आणि तिथूनच उचलायचं. ट्रे डाव्या हातावर असला की मधे आपोआप अंतर राहतं. ऑर्डर घेताना खुर्चीच्या अगदी बाजूला जाऊ नका, टेबलाच्या कोपऱ्याशी उभ्या राहा, तिथून सगळ्यांचे चेहरे दिसतात आणि कुणाचा हात पोचत नाही. 'दमलेली दिसतेस', 'लग्न झालं का', असलं काही आलं की उत्तर द्यायचं नाही आणि चिडायचंही नाही, सरळ जेवणावर यायचं: 'भाकरी गरम आणू का?' आणि पुन्हा हात धरला, तर मोठ्याने, शेजारच्या दोन टेबलांना ऐकू जाईल असं म्हणायचं, 'काका, हात सोडा.' त्यात उद्धटपणा काही नाही. लाज वाटायची असेल तर ती त्यांना वाटू द्या.

त्या आजींचं तुम्ही लिहिलंत ते योग्यच आहे. त्या पाठीवर हात ठेवतात तेव्हा त्यांना तुमच्याकडून काही नको असतं.

आपल्या बाजूनेही मर्यादा असतात, त्या मी प्रत्येक नव्या पोराला शिकवल्या. साहेब काल एका पाहुण्यांबरोबर आले होते आणि आज घरच्यांबरोबर आलेत, तर 'नेहमीचंच आणू का?' हे तोंडातून निघता कामा नये. कोण कुणाबरोबर आलं, किती प्यायलं, बिलावरून नवराबायकोत काय झालं, हे स्वयंपाकघरातसुद्धा बोलायचं नाही. गिऱ्हाइकाने निम्मं ताट टाकलं तर 'आवडलं नाही का?' एकदा विचारायचं, दुसऱ्यांदा नाही. माणूस आपल्यासमोर जेवतो म्हणजे विश्वासाने बसलेला असतो. आपण तो सांभाळतो म्हणूनच समोरच्याकडूनही मानाची अपेक्षा धरतो.

---

रविवारची पंगत

सर्वांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मनगट धरणं चूकच. पण नुसते फुलांचे मेसेज तर आमच्या वयाची माणसं सगळ्यांनाच पाठवतात, त्यात वाईट हेतू असतोच असं नाही. आम्ही शिकायला होतो तेव्हा खानावळीतल्या मावशी आम्हाला रागवायच्या, आम्ही त्यांच्या घरच्या लग्नात वाढायला जायचो. जेवण वाढणारा आणि जेवणारा यांच्यात जिव्हाळा असायचा. आता सगळीकडे नियम आणि कायदा आणला तर तो जिव्हाळा उरणार नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

जुना कॅप्टन

पंगत साहेब, मावशींच्या घरच्या लग्नाला तुम्ही गेलात ते मावशींनी बोलावलं म्हणून. या मुलीने कुणाला बोलावलेलं नाही. तिचा नंबर पैसे घेण्यासाठी होता, आणि उत्तर न देऊन तिने रोजच आपलं म्हणणं कळवलंय. मावशी तुम्हाला रागावू शकत होत्या, कारण खानावळ त्यांची होती. हिच्या डोक्यावर मॅनेजर आहे आणि तो 'गोड बोल' म्हणतो.

---

एकटी जेवणारी

अगं कोरेगावची, तू बरोबर आहेस, आधी हे घे.

मी ऑडिटच्या कामाने सोलापूर, लातूर, नांदेड अशी फिरते आणि रात्री बहुतेक वेळा एकटीच जेवते. मला दुसरी बाजू माहीत आहे. 'मॅडम, एकट्याच?' हा प्रश्न दारातच येतो, आणि त्यानंतर वाढणारा शेजारीच घुटमळत राहतो. एका ठिकाणी बिलासाठी नंबर हवाच म्हणून घेतला आणि तासाभरात वाढणाऱ्या मुलाचा मेसेज आला, 'पोचलात का रूमवर?' मी त्या रात्री लॉज बदलला. बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नये, असं ग्राहक व्यवहार मंत्रालयाने २०२३ च्या मे महिन्यात स्पष्ट सांगितलंय. तेव्हापासून मी कुठेच देत नाही, आणि बिल छापून मिळतं. म्हणजे नंबर या बाजूने गेला काय आणि त्या बाजूने गेला काय, ज्या कामासाठी दिला त्या कामापुरताच तो वापरायचा.

मला त्या रविवारच्या टेबलाविषयी बोलायचंय. त्या गृहस्थांची बायको, मुलं समोर बसलेली असतात. आपल्या घरातला माणूस वाढणाऱ्याला 'ए' म्हणतो, चुटकी वाजवतो, मुलीच्या नावाने लाडात येतो, तेव्हा आपण मेनूकार्डात डोकं घालतो. मी माझ्या सख्ख्या काकांना भर टेबलावर म्हटलंय, 'काका, त्यांना दादा म्हणा, नाहीतर मी उठते.' काका आठवडाभर बोलले नाहीत. पण आता 'अहो दादा' म्हणतात. हे काम टेबलावरच्याच कुणीतरी करायला हवं, कारण वाढणाऱ्याला ते करता येत नाही.

---

समितीवाली

मी वकील आहे आणि दोन कंपन्यांच्या अंतर्गत समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर, बाहेरची सदस्य म्हणून काम करते. कायद्याचं तेवढं सांगते.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त सहकारी आणि साहेबापुरता नाही. कलम १९ प्रमाणे, कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या लोकांपासूनही सुरक्षित वातावरण देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. त्यात गिऱ्हाईक आलं. तुम्हाला पोलिसांत जायचं असेल तर त्यासाठी मदत करणं हेही त्याच कलमात आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवीच, नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड होतो. स्वयंपाकघर, हाउसकीपिंग, डिलिव्हरीला ठेवलेली मुलं सगळी मोजा, दहा सहज भरतील. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार लेखी आणि शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची.

मेसेजचं वेगळं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलाग येतो आणि त्यात पुन्हा पुन्हा संपर्क करणं येतं. मात्र बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवलेलं असावं लागतं. म्हणून गप्प राहण्यापेक्षा एकच मेसेज लिहा: 'मला तुमच्याशी कामाबाहेर कोणताही संपर्क नको. यापुढे मेसेज करू नका.' कृपया, सॉरी, हसरा चेहरा, काही नको. त्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि मग ब्लॉक करा. मनगट धरल्याची तारीख, वेळ, टेबल नंबर आणि तेव्हा जवळ कोण होतं ते आजच लिहून ठेवा. सीसीटीव्हीचं चित्रण बऱ्याच ठिकाणी काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेव्हा त्या दिवसाचं जपून ठेवा अशी मागणी मालकाकडे लेखीच करा.

आणि यूपीआय आयडी बदला. बऱ्याच अॅपमध्ये मोबाइल नंबर नसलेला आयडी बनवता येतो. नाव दिसेल, ते टाळता येणार नाही, पण नंबर जाणार नाही. खरं तर टिपसाठी हॉटेलनेच एक क्यूआर ठेवावा आणि रोज रात्री हिशेब सगळ्यांसमोर वाटावा. मुलींचे खासगी नंबर टेबलावर फिरणं हाच मूळ धोका आहे.

---

कोरेगावची

सगळ्यांचे आभार. पंगत काका, तुमचंही वाचलं. जिव्हाळा मलाही हवाय, तो मी आजी-आजोबांकडून घेते.

मेसेज पाठवला, तुम्ही लिहिला तसाच. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. मग ब्लॉक केलं. आमच्यात सिनियर असलेल्या एका दादांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, खिडकीचं टेबल आजपासून माझं. मॅनेजरला न विचारता त्यांनी चार्टवर अदलाबदल करून टाकली. आम्ही मोजलं तर आमच्याकडे कामाला सतरा जण आहेत आणि समितीचं नाव कुणी ऐकलेलंसुद्धा नाही. आमच्यातल्या आणखी दोन मुलींनी स्वतःहून सांगितलं की त्यांनाही याच माणसाचे मेसेज येतात. एकीने तर नंबरच बदलला होता आणि कुणाला कारण सांगितलं नव्हतं.

मालक सोमवारी येणार आहेत. आम्ही तिघी मिळून अर्ज देणार आहोत. त्यात समिती, टिपसाठी हॉटेलचा क्यूआर आणि 'टेबल बदला' म्हटल्यावर लगेच बदलण्याचा नियम, एवढं मागतोय. समितीवाली ताई, तिघींनी एकाच कागदावर सह्या करायच्या की वेगवेगळे अर्ज द्यायचे?

---

समितीवाली

नियमांची मागणी तिघींच्या सह्यांनी एकत्र द्या. छळाची तक्रार मात्र प्रत्येकीने आपली आपण, आपल्या तारखांसकट वेगळी लिहा. प्रत्येकीबाबत घडलेलं वेगळं आहे, आणि एकीने उद्या मागे घ्यायचं ठरवलं तरी बाकी दोघींची तक्रार उभी राहते. मूळ मेसेज फोनमधून पुसू नका. प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' म्हणून मालकाची सही आणि तारीख घ्या. सही द्यायला नाही म्हणाले, तर तिथूनच ईमेल करा.